भावही हवा, डॉक्टरही हवा

बीड जिल्ह्यात मनाच्या आजाराचा विषय काढला की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक मांजरसुंब्याच्या चौकात, चहाच्या टपरीवर ऐकू येतं. “ही शहरातल्यांची थेरं हायेत. आपल्याकडं माणसाला माणूस हाय, बसायला पार हाय. मन कशानं आजारी पडतंय?” दुसरं सभेत, ध्वनिक्षेपकावरून ऐकू येतं. शेतकऱ्याला समुपदेशन नको, मालाला भाव द्या. कर्ज फिटलं की टेन्शन आपोआप जातं. पहिल्या उत्तराचा समाचार घ्यायला फार वेळ लागत नाही. दुसरं मात्र उभी हयात शेतकऱ्यासाठी घातलेल्या, अभ्यास असलेल्या, प्रामाणिक माणसांच्या तोंडून येतं. त्यांच्या शब्दाला गावात वजन आहे. त्यामुळेच त्यांच्या या एका वाक्याने होणारं नुकसान टपरीवरच्या शंभर वाक्यांनी होत नाही. हा लेख मुख्यतः त्यांना उद्देशून आहे.

मांजरसुंब्याचं नाव घेतलं त्याला कारण आहे. धुळे-सोलापूर महामार्ग इथून जातो. एक रस्ता पाटोद्यावरून जामखेड-नगरकडे निघतो, दुसरा नेकनूर, केज करत अंबाजोगाई-लातूरकडे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या अशाच चौकांतून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे उतरतात. ट्रॅक्टरवर संसाराची गाठोडी, पत्र्याची पेटी, एखादी शेळी, कडेवर पोर. कार्तिकी पौर्णिमेला जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला माणसांची रीघ लागते. ज्याला या जिल्ह्याची नाडी बघायची आहे त्याने या चौकात तासभर उभं राहावं. पण दोन महिने झोप नाही, कशात गोडी वाटत नाही, हे कुणाला दाखवायचं असं इथं विचारलं, तर उत्तर येतं: बीडला, नाहीतर अंबाजोगाईला. फारच झालं तर येरवड्याला. राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलेलं नाही. येरवडा इथून दोनशे किलोमीटरच्या पलीकडे आहे.

आधी टपरीवरचं उत्तर निकालात काढू. गावात मन आजारी पडत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी गावाकडच्या कुठल्याही दवाखान्यात सकाळी जाऊन बाकावर बसावं. बाई सांगते, हातपाय गळाल्यासारखे वाटतात, डोकं जड आहे, छातीत धडधडतं, जेवण जात नाही. बीपी बघितलं जातं, रक्त तपासायला जातं, आणि शेवटी ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईन लागतं. बाटली उतरेपर्यंत तिला अंग टेकायला मिळतं, तेवढाच त्या बाटलीचा गुण. महिन्याभरात ती पुन्हा त्याच बाकावर असते. झोप लागते का, उगाच रडू येतं का, जगावंसं वाटतं का, हे तिला कुणीच विचारत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, बाहेरचं झालंय. देवऋषी होतो, धागादोरा होतो, उतारा टाकला जातो. गावात मनाच्या आजाराचा खर्च होतोच. तो फक्त सलाईनच्या आणि देवऋषीच्या खात्यावर पडतो.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. प्रौढांपैकी 10.6 टक्के लोक त्या वेळी कुठल्या ना कुठल्या मानसिक आजारात होते. महानगरांत प्रमाण जास्त निघालं, हे खरं. पण खेड्यांतही ते दहा टक्क्यांच्या आसपासच निघालं, म्हणजे दहा-अकरा माणसांमागे एक. आजारानुसार 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचले नव्हते.

आणि पाराचं कौतुक किती करायचं? पारावर बाया बसत नाहीत, हे एक झालं. दुसरं असं, की ज्याच्या मनावर मळभ येतं तो माणूस सगळ्यात आधी पारावर येणं बंद करतो. तिथं ज्याचे पैसे द्यायचे तोही बसलेला असतो, खत-औषधवाला दुकानदारही असतो, मुलीच्या सोयरिकीचं काय झालं म्हणून विचारणारेही असतात. चारचौघांत हसून वेळ मारून नेता येते, पण ‘मला रात्री भलते विचार येतात’ हे वाक्य तिथं उच्चारता येत नाही. उच्चारलं तर दुसऱ्या दिवशी गावभर होतं, आणि घरातल्या पोरीचं लग्न अडतं. पारावर बोलायला माणसं भरपूर आहेत. ऐकलेलं पोटात ठेवणारं माणूस तिथं सापडणं अवघड आहे.

आता मोठ्या आक्षेपाकडे येतो.

भावाची मागणी करणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं लेखत नाही. 19 मार्च 1986 रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्या दिवसाची आठवण म्हणून अंबाजोगाईचे अमर हबीब आणि किसानपुत्र आंदोलनाचे कार्यकर्ते दर 19 मार्चला अन्नत्याग करतात. शेतजमिनीची कमाल मर्यादा, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे कायदे शेतकऱ्याच्या गळ्याचा फास आहेत असं ते सांगतात. त्याआधी चाकणच्या कांदा आंदोलनापासून शरद जोशींनी भावाचा प्रश्न राज्याच्या राजकारणाच्या मधोमध आणून ठेवला. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीनुसार 2023 या एका वर्षात मराठवाड्यात 1,088 शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले 269 एकट्या बीड जिल्ह्यातले होते, विभागात सर्वाधिक. एवढी माणसं एका जिल्ह्यात जातात तेव्हा ‘सकारात्मक विचार करा’ असं सांगणाऱ्या पाहुण्याचा राग येणं रास्त आहे. सरकारला भाव, सिंचन आणि कर्ज या प्रश्नांवरून अंग काढून घ्यायचं असतं तेव्हा समुपदेशनाचा तंबू स्वस्त पडतो, हा संशयही रास्त आहे.

पैशाने मरणं कमी होतात याचा पुरावाही आहे. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना सरकारने थेट रोख मदत दिली, तेव्हा आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 18 टक्क्यांनी घटलं असं अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. ही मोठी घट आहे. ज्यांना भावाची लढाई लढायची आहे त्यांनी हा आकडा भाषणात जरूर वापरावा. पण उरलेल्या माणसांचं काय करायचं, तेही त्याच भाषणात सांगावं.

कारण मनाचा आजार एकदा जडला, की तो कर्जाच्या वहीबरोबर मिटत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो माणसाची हक्क मागण्याची ताकदच काढून घेतो. एक रुपयात पीकविमा होता त्या वर्षांतली गोष्ट बघा. अतिवृष्टीने सोयाबीन पाण्यात गेलं तर 72 तासांच्या आत विमा कंपनीला कळवावं लागे. ॲप उघडायचं, गट नंबर टाकायचा, शेतात जाऊन फोटो काढायचे, नाहीतर टोल-फ्री क्रमांकाला चिकटून बसायचं. धडधाकट माणसाला हे जमायचं, तेही कुरकुरत. उदासीने घेरलेला माणूस त्या तीन दिवसांत गोधडीतून उठत नाही. बायको म्हणते, अहो, सगळं गाव चाललंय, तुम्ही पण जा. तो कूस बदलतो. ‘काय उपयोग हाय?’ एवढंच म्हणतो. हे त्याच्या आळसाचं बोलणं नाही आणि राजकीय विश्लेषणही नाही. तो आजार बोलतोय. चौथ्या दिवशी मुदत संपते. शेजाऱ्याच्या खात्यात पैसे आले आणि याच्या खात्यात आले नाहीत, म्हणजे आता कर्जही वाढलं आणि आजारही वाढला. बँकेत कर्जाचं पुनर्गठन करून घ्यायचं, केवायसीचे कागद द्यायचे, तलाठ्याकडे पंचनाम्यात नाव आहे का बघायचं, मोर्चाला जायचं, या प्रत्येक कामाला मन जाग्यावर लागतं. भावाच्या लढाईला माणसं हवीत ना? मग ज्या आजाराने ती माणसं अंथरुणाला खिळतात त्याच्या उपचाराला आंदोलनाच्या विरोधातली गोष्ट का मानायची?

दुसरा मुद्दा वेळेचा. हमीभावाचा कायदा होईल, जुने कायदे रद्द होतील, पाणी येईल. होवो. पण तोपर्यंतच्या रात्री कोण काढणार? जीव द्यावासा वाटण्याची तीव्र लाट बहुतेक वेळा ओसरणारी असते. ती ओसरेपर्यंत माणूस वाचला तर पुढे पुष्कळदा जगतो. श्रीलंकेने 1990च्या दशकापासून सर्वांत विषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बाजारातून काढून टाकली. पुढच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरलं. तिथल्या शेतकऱ्याची कर्जं त्या काळात संपली होती का? गरिबी संपली होती का? नव्हती. त्या एका रात्री हाताशी विष नव्हतं, आणि सकाळी माणूस उठला. जे लोक म्हणतात की मूळ प्रश्न सुटल्याशिवाय काहीच होत नाही, त्यांनी श्रीलंकेतल्या त्या वाचलेल्या माणसांचं काय, हे मला सांगावं.

तिसरा मुद्दा बोलायला कडू आहे, तरी बोलतो. वर्षानुवर्षं व्यासपीठावरून, बातम्यांतून, कीर्तनातूनसुद्धा आपण एकच साखळी ऐकवत आलो: नापिकी, कर्ज, आत्महत्या. जणू तिसरं पाऊल पहिल्या दोहोंच्या मागून ठरल्यासारखं पडतं. हे ऐकत मोठा झालेला पोरगा कर्जात अडकतो तेव्हा त्याला पुढची पायरी पाठ असते. आत्महत्येचं वृत्त देताना एकच कारण चिकटवू नका, असं जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांना बजावत आली आहे ती यासाठीच. बीड जिल्ह्यातले लाखो शेतकरी कर्जात आहेत आणि त्यातले बहुसंख्य जगताहेत, पोरांना शिकवताहेत, पुन्हा पेरताहेत. ते कसे जगले, कुणाशी बोलले, कोण त्यांच्या उशाशी बसलं, हे व्यासपीठावरून सांगायला काय हरकत आहे?

आणि आपण ज्यांना ‘शेतकरी आत्महत्या’ म्हणून मोजतो ते तरी कोण? राज्य सरकारची एक लाखाची मदत मिळायला सातबारा लागतो, कर्ज लागतं, मग जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. माणूस गेल्यावर त्याच्या दुःखाची फाईल पहिल्यांदा उघडली जाते. जिवंत असताना त्याच्या नावाने कुठलीच फाईल नसते. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई, वाट्याने शेत करणारा, ऊसतोडीला जाणारा भूमिहीन, यांची तर मेल्यावरही त्या यादीत बहुतेकदा नोंद होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022च्या अहवालात देशात 1,70,924 आत्महत्या आहेत. राज्यांत पहिला नंबर महाराष्ट्राचा, 22,746. देशातल्या या मृतांत रोजंदारीवर जगणारे 26.4 टक्के. ‘मालाला भाव’ हे त्यांच्या दुखण्याचं औषध कसं होणार? त्यांच्याकडे विकायला माल नाहीच.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचा दिवस जरा जवळून बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. पहाटे तीनला उठून चूल पेटवायची, दिवसभराच्या भाकरी बडवायच्या, कोपीतलं, म्हणजे तळावरच्या झोपडीतलं पोर थोरल्या पोरीच्या हवाली करायचं आणि उजाडायच्या आत फडात उतरायचं. तोडायचं, सोलायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. आजारपणाने एक दिवस बुडाला तर खाडा, त्याचे पैसे उलट आपल्याकडूनच कापले जातात. बाळंतपण, पाळी, ताप यांना त्या हिशेबात जागा नाही. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. ऑपरेशनात अंडाशयही गेलं की तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, चिडचिड होते, उदासी येते. ती आई, ती बायको, ती सून रात्री कोपीत डोळे उघडे ठेवून पडलेली असते, आणि सकाळी तिला सासू म्हणते, हिला कामाचा कंटाळा आलाय. तिच्यासाठी एका सभेत एक मिनिटसुद्धा का नसावं?

इथं मला दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनवायचे आहेत. पुण्या-मुंबईचे जाणकार स्वतःच्या मनाची विचारपूस करा म्हणून सांगतात, ते बरोबरच आहे. पण सांगताना रोजनिशी लिहा, मोबाइलवरचं ॲप वापरा, शनिवार-रविवार स्वतःसाठी ठेवा, एवढ्यावरच थांबतात. पहाटे तीनला उठणाऱ्या बाईला ‘स्वतःसाठी वेळ काढा’ हा सल्ला म्हणजे तिची चेष्टा आहे. अशा सल्ल्यांमुळेच टपरीवरच्या माणसाला हे शहरी थेर वाटतं, आणि त्या बाबतीत त्याला पूर्ण दोष देता येत नाही.

पण विचारपूस करायला वही लागत नाही. घाट उतरायच्या आधी ट्रॅक्टरवाला खाली उतरून टायर बघतो, ब्रेक दाबून बघतो, मगच गाडी सोडतो. स्वतःला मात्र तो वर्षानुवर्षं न तपासता दामटतो. आठवडी बाजाराच्या दिवशी, जाताना किंवा येताना, स्वतःला एवढंच विचारायचं: या आठवड्यात झोप कशी झाली? भूक लागली का? ज्या गोष्टीत एरवी जीव रमतो, म्हणजे बैल, भजन, नात, क्रिकेटचा सामना, त्यात रमला का? लेकरांवर उगाच हात उचलला का? दारू वाढली का? माणसांत जाणं टाळलं का? आपण नसलो तर बरं, असं मनात आलं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. बाकीच्यांतली दोन-तीन उत्तरं वाकडी असतील आणि तसंच पंधरा दिवस चाललं असेल, तर डॉक्टर गाठायचा. जगभरातले डॉक्टर उदासीच्या आजाराची पहिली चाचपणी याच धर्तीच्या प्रश्नांनी करतात, आणि त्यातही गेले पंधरा दिवसच विचारतात. नवरा-बायको फडात दिवसभर शेजारी शेजारी असतात. हे प्रश्न त्यांनी एकमेकांना विचारायला कुठल्या शहाण्याची परवानगी लागते?

हे सगळं गावात चालतं का, याला विदर्भाने उत्तर दिलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर, गटागटांत बोलणं सुरू केलं. ज्यांना जास्त गरज होती त्यांना समुपदेशक, त्याहून जास्त गरज असेल त्यांना मनोविकारतज्ज्ञ. दीड वर्षाच्या अंतराने पाहणी केली तेव्हा उदासीच्या आजारात मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं होतं. जीव देण्याचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आलं होतं. ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या नियतकालिकात 2017 मध्ये हे छापून आलं. ती गावं कापसाची, कोरडवाहू, कर्जात बुडालेली. मांजरसुंब्याच्या आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांपेक्षा त्यांची दशा काही निराळी नाही. भाव तिथंही मिळालेला नव्हता. तरी माणसं मदत घेऊ लागली, कारण मदत त्यांच्या ओट्यापर्यंत आली.

बीडमध्ये हे काहीच झालं नाही असंही नाही. 2015 मध्ये राज्याने शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात बीड आहे. आशाताईने घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे, ज्याचं दुखणं दिसेल त्याला पुढे पाठवायचं, जिल्हा रुग्णालयात पथक असायचं. कल्पना उत्तम आहे. पण ती ओट्यावर कशी उतरते ते बघा. आशाताई त्याच गावची सून. ती येते तेव्हा घरात सासू असते, शेजारीण डोकावते. सगळ्यांच्या देखत ती विचारते, “काकू, मन उदास राहतं का?” काकू सासूकडे बघतात आणि म्हणतात, “न्हाई गं बाई, समदं बरं हाय.” रकाना भरला जातो. त्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं म्हणून त्या घरात दुखणं नव्हतं असं कुणी समजू नये. अशा प्रश्नाला आडोसा लागतो, वेळ लागतो, आणि विचारणारीला शिकवणं लागतं. आशाताईच्या डोक्यावर लसीकरण, बाळंतपणं, टीबी, सर्व्हे यांचं ओझं आधीच आहे, आणि ती पगारावर नव्हे, मानधनावर राबते.

लोकांच्या मनातली पोलिसांची भीतीही खरी आहे. घरातलं कुणी जीव द्यायला निघालं होतं हे सांगितलं तर केस होईल, म्हणून दवाखान्यात खोटं सांगितलं जातं, आणि खोटं सांगितलं की मनाचा उपचार होतच नाही. या भीतीला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे 2018 मध्ये लागू झाला. त्याच्या कलम 115 ने सांगितलं, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावात होता असंच धरायचं आणि त्याच्या काळजीची, उपचाराची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची. जुन्या दंडसंहितेतलं कलम 309 तर 1 जुलै 2024 पासून नव्या न्यायसंहितेत आलंच नाही. त्याच 2017च्या कायद्याने उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे आणि आजाराची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. शेतकरी नेत्यांनो, हक्काची भाषा तुम्हीच आम्हाला शिकवलीत. हमीभाव हक्क आहे तसा हाही हक्क आहे, आणि हा तर कायद्यात लिहून मिळालेला आहे. तो मागायला तुम्ही का लाजता?

सध्या हाताशी काय आहे तेही सांगतो, कारण नुसत्या वादाने कुणाची रात्र निघत नाही. 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेलिमानस सेवा सुरू आहे. नंबर 14416. चोवीस तास, फुकट, मराठीत. बटणांच्या फोनवरूनही लागतो. फोन उचलणाऱ्याला गावातलं कुणी ओळखत नसतं, आणि ज्याला पारावर तोंड उघडता येत नाही त्याच्यासाठी हीच मोठी सोय आहे. काय बोलावं सुचत नसेल तर ‘मला झोप लागत नाही’ एवढ्यावरून सुरुवात केली तरी चालते. समोरचं माणूस पुढचं विचारतं. जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारतज्ज्ञ आहेत. गोळ्या लागल्या तर त्या डॉक्टर सांगेल तितके महिने घ्यायच्या; बरं वाटलं म्हणून आठव्या दिवशी बंद करायच्या नाहीत. बहुतेक गोळ्यांचा गुण यायलाच दोन-चार आठवडे लागतात. ‘झोपेच्या गोळ्यांची सवय लागते’ असं सांगून सगळीच औषधं बंद करायला लावणारे नातेवाईक, माफ करा, पण आजारापेक्षा घातक ठरतात.

फोन मात्र डॉक्टरची जागा घेत नाही. म्हणून मागणी करायची ती नेमकी करू. मांजरसुंब्यासारख्या चौकाच्या गावी, जिथं चहूकडची माणसं आपसूक येतात, तिथं महिन्यातले ठरलेले दिवस जिल्हा रुग्णालयाच्या पथकाने बसावं. बाजाराच्या दिवशी बसावं, म्हणजे बाईला घरी ‘बाजाराला जाते’ एवढं सांगून येता येईल. खोलीला दार असावं. दारावर ‘मनोरुग्ण’ अशी पाटी नसावी. आयुष्मान आरोग्य मंदिरांना जी बारा कामं नेमून दिलेली आहेत त्यात मानसिक आरोग्य आहेच. मग तिथल्या गोळ्यांच्या कपाटात उदासीवरच्या गोळ्याही हव्यात. कारखान्यांनी तोडणीच्या हंगामात आपल्या तळांवर महिन्यातून एकदा समुपदेशक आणावा. साखर त्या हातांनी तोडलेल्या उसाची आहे, तेव्हा हा खर्च कारखान्याचाच आहे.

आणि ऊसतोड महिलांची हंगामाच्या आधी आणि नंतर आता आरोग्य तपासणी होते. त्या रांगेत वजन होतं, रक्त काढलं जातं. तिथंच एक आडोसा आणि एक खुर्ची वाढवा, आणि वर सांगितलेले प्रश्न प्रत्येकीला एकटीला गाठून विचारा. जाताना विचारा आणि सहा महिन्यांनी परत आल्यावर पुन्हा विचारा. त्या खुर्चीवर बसणारी बाई याच भागातली, इथलीच बोली बोलणारी असावी, तिला नीट शिकवलेलं असावं, आणि तिला महिन्याचा पगार असावा. हे काम आशाताईच्या गळ्यात आणखी एक फुकटचा रकाना म्हणून बांधलं तर आम्ही त्यालाही विरोध करू. पुढच्या हंगामाचे करार जूनपासून सुरू होतात, उचल तेव्हाच वाटली जाते. त्याआधी जिल्हा परिषदेत, साखर कारखान्यांकडे आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळापुढे ही मागणी लेखी गेली पाहिजे. तिच्यावर पहिली सही भाव मागणाऱ्यांची असावी.